दोन मुलं, एक खासगी शाळा आणि ८३ हजार पगार: हिशेब बसवायचा कसा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. नाशिकला राहता, मिस्टर अंबडच्या कंपनीत, हातात ६२ हजार येतात, तुम्ही लॅबमध्ये, तुमचे २१ हजार. फ्लॅटचा हप्ता २४,५००. सासूबाई तुमच्याकडेच, त्यांची औषधं चालू. मोठी मुलगी एप्रिलपासून तिसरीत, सीबीएसई शाळा, फी ९२ हजार. धाकट्याला त्याच शाळेत ज्युनियर केजीला घालायचंय, तिथे ७८ हजार आणि वर ऍडमिशनचे एकदाच २५ हजार. आणि विचारलंय की घरातला कुठला खर्च कमी करू, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारे पैसे) बंद करू का, आणि शाळेने सांगितलेला बिनव्याजी ईएमआय घेऊ का.

मी पूर्वी एका शाळेच्या अकाउंट्स ऑफिसात होते, आता टॅक्सचं आणि पगारदार घरांच्या हिशेबांचं काम करते, त्यामुळे फीच्या खिडकीच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. सरळच सांगते, किराण्यात आणि दुधात काटकसर करून हा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही दिलेले आकडे बघितले, किराणा ११ हजार, दूध-भाजी साडेसहा, लाइट गॅस मोबाइल वायफाय मिळून ४, सोसायटी मेंटेनन्स २,२००, पेट्रोल साडेचार, औषधं ३, टर्म आणि मेडिक्लेमचा प्रीमियम महिन्यावर आणला तर ४, सणवार-कपडे-आहेर ४. झाले ३९,२००. पाच माणसांच्या घरात यात उधळपट्टी कुठे आहे ते मला तरी दिसत नाही. फार ओढून ताणून दोनेक हजार निघतील, आणि तेही तीन महिने, मग गणपती येतात.

आता शाळेचा आकडा. इथे बहुतेक सगळे फसतात कारण डोक्यात फक्त फी असते, ९२ हजार. शाळेचा खरा खर्च वेगळाच असतो. मुलीचाच धरा: फी ९२ हजार, बस १,८०० प्रमाणे ११ महिने म्हणजे १९,८००, पुस्तकं-वह्या साडेसात, युनिफॉर्म आणि बूट (पायाचं माप दर वर्षी वाढतं, शाळेचे बूट दोन प्रकारचे) ५, सहल गॅदरिंग प्रोजेक्ट वगैरे ६, आणि तो ऍबॅकसचा क्लास १,२०० प्रमाणे वर्षाचे १४,४००. बेरीज १,४४,७००. म्हणजे महिन्याला १२ हजारांच्या थोडं वर. धाकट्याचा असाच हिशेब केला तर ऍडमिशनचे २५ हजार बाजूला ठेवूनही वर्षाला १,०९,३०० होतात, महिन्याला ९,१००. दोघांचे मिळून महिन्याला २१ हजार, तुमच्या स्वतःच्या पगाराइतके.

आज काय होतंय तर ८३ हजारातून हप्ता गेला, उरले ५८,५००, मुलीची शाळा गेली १२ हजार, घर गेलं ३९,२००, एसआयपी ५ हजार, आणि महिनाअखेर हातात दोन सव्वादोन हजार. म्हणून आत्तापर्यंत चाललंय आणि म्हणूनच वाटतंय की थोडं इकडेतिकडे केलं की दुसरंही बसेल. पण धाकटा त्याच शाळेत गेला की दर महिन्याला जवळजवळ सात हजारांचा खड्डा. एसआयपी बंद केली तरी दोन हजार कमीच पडतात. आणि पहिल्याच वर्षी ते २५ हजार वर.

मग पुढे काय होतं तेही करून बघितलं, कारण "पगार वाढेल ना" हे सगळेच म्हणतात आणि ते चूकही नाही. फी आणि शाळेचे बाकी खर्च वर्षाला १० टक्क्यांनी वाढतात असं धरलं, पगार आणि घरखर्च ६ टक्क्यांनी. एसआयपी बंद धरूनही तीन वर्षांनी तुम्ही दर महिन्याला पाचेकशे रुपये तोट्यात. सात वर्षांनी, म्हणजे मुलगी दहावीत, तेव्हा तिची नुसती फी १ लाख ७९ हजार झालेली असेल, दोघांचा शाळेचा महिना ४१ हजार, पगार सव्वा लाखाच्या आसपास, आणि सगळं वजा करून हातात शंभर रुपये. हप्ता तेवढाच राहतो ही एकच गोष्ट तुम्हाला वाचवते, भाड्याच्या घरात असता तर हेही जमलं नसतं.

म्हणजे बघा, तुम्ही कर्जात बुडणार नाही, तुमची भीती थोडी जास्त आहे. पण सात वर्षं एक रुपया शिल्लक नाही. त्यात मिस्टरांची कंपनी बदलली, मध्ये दोन महिने गेले, सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, तुम्हाला नोकरी सोडावी लागली, यातलं काहीही झालं की पहिला फटका फीलाच बसतो. आणि सात वर्षांनंतर खरा मोठा खर्च सुरू होतो. अकरावी-बारावीला जेईई किंवा नीटचा क्लास लावला तर वर्षाला लाखभर सहज जातात आणि शाळेच्या फीवर जीएसटी नसतो पण कोचिंगवर १८ टक्के असतो. मग इंजिनिअरिंग किंवा जे काय असेल ते. त्या दिवशी तुमच्याकडे शून्य असेल. माझं सगळं म्हणणं इथेच आहे, पहिली ते दहावीच्या शाळेत सगळा दारूगोळा संपवून बारावीनंतर कर्ज काढायचं हा उलटा क्रम आहे, आणि मी आजूबाजूला तोच जास्त बघते.

आता करायचं काय ते.

सगळ्यात आधी धाकट्याचा विचार. ज्युनियर आणि सिनियर केजीची दोन वर्षं घराजवळच्या साध्या बालवाडीत काढा. चालत जाता येईल अशी, सगळं धरून वर्षाला ३० हजारांच्या आत बसणारी तुमच्या भागात मिळेल. मोठ्या शाळेत ही दोन वर्षं बससकट २ लाख २९ हजारांना पडतील, इथे ६० हजारात होतील, ऍडमिशन फी पुढे भरायचीच आहे असं धरून ती सोडली तरी १ लाख ७० हजारांच्या आसपास वाचतात. साडेतीन-चार वर्षांच्या पोराला स्विमिंग पूल असलेल्या शाळेची गरज नसते, त्याला बाई प्रेमळ लागते आणि घर जवळ लागतं. यातला धोका एकच की पहिलीला त्या शाळेत जागा मिळेल का. ते शाळेला लेखी विचारा, सख्ख्या भावंडाला प्राधान्य आहे का आणि पहिलीला किती जागा नव्याने भरतात. बऱ्याच ठिकाणी केजीतून पहिलीत जाताना पाच-दहा मुलं गळतात. पण हमी कोणी देणार नाही हे धरून चाला.

आणि हो, आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं बघितलंत का? खासगी शाळेतल्या फी माफ असलेल्या २५ टक्के जागांचा अर्ज. महाराष्ट्रात दुर्बल गटासाठी वर्षाला १ लाख उत्पन्नाची अट आहे, त्यात तुम्ही बसत नाही, पण एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी, एसबीसी यांना वंचित गटात धरतात आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. तुम्ही जात लिहिलेली नाही आणि मी विचारतही नाही, तुमचं तुम्ही बघा. लॉटरी असते, घरापासूनचं अंतर बघतात, आणि फी माफ फक्त आठवीपर्यंत, नववीला एकदम पूर्ण फी अंगावर येते. नववीच्या त्या धक्क्याची तयारी कोणीच करत नाही, सातवीपासूनच बाजूला टाकायला हवेत.

मुलीचं. तिला आत्ता हलवू नका, पण चौथी संपताना एकदा थंड डोक्याने बसा. पाचवी हा बदलायला बरा टप्पा आहे, सहावी-सातवीपर्यंतही चालतं. नववीत बोर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका, सीबीएसईचं दहावीसाठीचं रजिस्ट्रेशन नववीतच होतं आणि मुलांचीही ओढाताण होते. पर्याय बघताना फक्त दुसऱ्या इंटरनॅशनल नावाच्या शाळा बघू नका. नाशिकमध्ये जुन्या संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत, सेमी इंग्लिशच्या तुकड्या आहेत, गणित विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, फी तुमच्या आत्ताच्या बसच्या खर्चाहूनही कमी. मधल्या फीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आहेत, ४०-४५ हजारवाल्या. दोघं तिथे गेले तर सगळं धरून वर्षाला सव्वा-दीड लाखात बसतं, आजच्या २ लाख ५४ हजारांच्या जागी. महिन्याला आठ-दहा हजारांचा फरक, आणि पुढे तो वाढतच जातो.

एकाला महागडी आणि दुसऱ्याला साधी शाळा असं मात्र पहिलीनंतर करू नका, केजीपुरतं ठीक. पैशाच्या हिशेबात ते छान दिसतं पण घरात आयुष्यभर ऐकावं लागतं.

शाळा बदलणं म्हणजे हरणं वाटतं मला माहितीये. सासूबाईंच्या भजनी मंडळात सांगावं लागतं, व्हॉट्सॅप ग्रुप सोडावा लागतो. पण फी ऑफिसात बसून बघितलंय, सहावीत शांतपणे एलसी घेऊन गेलेल्यांपेक्षा आठवीत दोन हप्ते थकवून, रोज फोन घेऊन, मग गेलेल्यांचे हाल जास्त होतात. मुलांना कळतं ते सगळं. मी घरांना एकच कसोटी सांगते: सलग दोन वर्षं फीसाठी उसने, गोल्ड लोन किंवा क्रेडिट कार्ड लागलं तर ती शाळा तुमच्या पगाराची नाही, मग ती कितीही चांगली असू दे.

त्यावरूनच तो ईएमआय. घेऊ नका. तो हप्ता शाळेचा नसतो, शाळेबरोबर टाय-अप असलेल्या फायनान्स कंपनीचं ते कर्ज असतं. शाळेला वर्षाची फी एकदम मिळून जाते, व्याजाचा भार शाळा सवलत म्हणून उचलते किंवा फीतच आधी धरलेला असतो, तुमच्याकडून बऱ्याचदा प्रोसेसिंग फी वेगळी घेतात. हप्ता चुकला तर बाउन्स चार्ज आणि सिबिल, म्हणजे कर्जासाठीची पत, खराब. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्षाच्या मध्ये शाळा सोडली तर शाळेशी रिफंडवर भांडत बसायचं तुम्ही, आणि कंपनीचा हप्ता मात्र चालूच. त्यापेक्षा थेट शाळेकडे हप्ते मागा. ऑफिसात असताना आम्हाला काय आवडायचं सांगते, तारीख उलटायच्या आधी अर्ज घेऊन आलेले पालक. चार ओळींचा अर्ज, कुठल्या महिन्यात किती भरणार, आणि पुढच्या तारखांचे चेक. प्रिन्सिपल बहुतेक वेळा सही करतात कारण त्यांनाही पैसे येणार हे कळतं. तारीख गेल्यावर आलात तर लेट फी, आणि बोलण्याचा सूरही बदलतो. धाकटा कधी तिथे गेलाच तर भावंडाची सवलत विचारा, माहितीपत्रकात लिहिलेली नसते पण पुष्कळ शाळा ट्यूशन फीवर थोडीफार देतात. विचारायला लाजू नका.

एकदम भरल्यावर सूट मिळते ती घ्यायची का, हेही तुम्ही विचारलंय. ९२ हजार चार हप्त्यांत भरण्याऐवजी एप्रिललाच भरले तर बँकेत पडून मिळालं असतं ते व्याज साधारण २,२००. सूट ५ टक्के असेल तर ४,६०० वाचतात, घ्या. २ टक्के असेल तर सोडा. आणि हे हातात पैसे असतील तरच, सवलतीसाठी कार्ड घासू नका. कार्डवर बाकी ठेवली की महिन्याला ३ ते साडेतीन टक्के लागतात, सूट पहिल्या दोन महिन्यांत संपते.

पैसे हातात असावेत म्हणून फीचं खातं वेगळं काढा. साधं सेव्हिंग खातं, एटीएम कार्ड कपाटात, यूपीआय जोडायचंच नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी वर्षाच्या शाळेच्या खर्चाचा बारावा भाग तिकडे आपोआप जाऊ दे, आज मुलीचे १२ हजार, बालवाडीचे अडीच. त्यातून फी, बस, पुस्तकं, बूट, सगळं. यात एक गंमत होते, एप्रिलमध्ये फी, जूनमध्ये विम्याचा प्रीमियम, सप्टेंबरला गणपती आणि मग दिवाळी असे जे धक्के बसतात त्यातला सगळ्यात मोठा धक्का जातो आणि तुम्हाला खरंच किती पगार उरतो ते पहिल्यांदा दिसतं. बरेच जण तेव्हा दचकतात. आरडी लावायची असेल तर मार्चमध्ये मॅच्युअर होईल अशी लावा. भिशीतून फी भरायचं म्हणत असाल तर ओळखीच्या बायकांची, छोटी, आणि नंबर मार्चचा मिळत असेल तरच. मोठ्या रकमेच्या भिश्या बुडालेल्या आपल्याकडे कमी नाहीत.

टॅक्सबद्दल पटकन. "फीवर टॅक्स वाचतो" म्हणून मिस्टर टॅक्सच्या जुन्या पद्धतीत असतील तर आधी पगाराची स्लिप काढा. तिथल्या ८०सी नावाच्या वजावटीत दोन मुलांची फक्त ट्यूशन फी धरतात, बस, डेव्हलपमेंट फी, डोनेशन नाही, आणि तेही पीएफ, होम लोनचं मुद्दल यांच्याबरोबर मिळून दीड लाखाच्या आत, जे तुमचं पीएफ आणि हप्त्यातच बरंचसं भरलेलं असेल. नव्या पद्धतीत ही वजावट नाहीच, पण २०२५-२६ पासून पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर टॅक्सच शून्य. ६२ हजार हातात म्हणजे पीएफ वगैरे धरून त्यांचं वर्षाचं साडेआठ-नऊ लाख असेल. तरीही दर महिन्याला पगारातून टॅक्स (टीडीएस) कापला जात असेल तर कंपनीत चुकीचा पर्याय दिलाय, एचआरला जाऊन विचारा. एका घराने माझ्याकडे आल्यावर ही एकच गोष्ट केली आणि बसचे पैसे सुटले. मार्चमध्ये टॅक्ससाठी म्हणून कोणी चाइल्ड प्लॅन विकायला आलं तर चहा देऊन पाठवा. मुलींसाठीची सुकन्या योजना चांगली आहे पण तिच्यातून शाळेची फी भरता येत नाही, मुलगी १८ ची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी अर्धे काढता येतात, त्यामुळे ती पुढच्या शिक्षणाच्या खात्यात धरा.

फी वाढली की नुसतं गेटवर उभं राहून चरफडण्यापेक्षा नियम माहीत असलेला बरा. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघ करायचा, त्यातून सोडतीने कार्यकारी समिती निवडायची, प्रत्येक इयत्तेचा एक पालक त्यात असतो, आणि व्यवस्थापनाने सुचवलेली फी त्या समितीपुढे मंजूर व्हावी लागते. ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ टक्के पालक एकत्र आले तर विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं. अडचण अशी की सभेची नोटीस येते आणि चारशे पालकांमधले वीस जण जातात, मग समितीत कोण आहे हे कोणालाच माहीत नसतं. तुम्ही जा, आणि सोडतीला नाव द्या. पावती घेताना प्रत्येक हेड वाचा, कॉशन डिपॉझिट परत मिळणारं असतं, त्याची पावती दहावीपर्यंत जपून ठेवा. आणि ठरावीक दुकानातूनच युनिफॉर्म-पुस्तकं घ्यायची सक्ती शाळेला करता येत नाही, एनसीईआरटीची पुस्तकं स्वस्त आहेत, बिल फुगतं ते खासगी प्रकाशकांच्या सेटमुळे. वरच्या वर्गातल्या पालकाकडून सेट घ्या, स्वेटर आणि ब्लेझर तर नक्की जुनेच घ्या, वर्षात वीस दिवस घालतात.

मग कापायचं काय हे राहिलंच. ऍबॅकस, मुलगी स्वतः मागत नसेल तर. ज्या शाळेची ९२ हजार फी आहे तिने आकडेमोड शिकवायला हवी, वर १४ हजार कशाला. बस सोडून जवळच्या तीन-चार घरांनी मिळून रिक्षावाल्या काकांना विचारा, पण किती मुलं बसवतात ते डोळ्याने बघून. एसआयपी बंद करू नका, अगदीच अडलं तर पाचाची तीन करा. टर्म आणि मेडिक्लेमला हात लावायचा नाही, सासूबाईंचं वय बघता तर मुळीच नाही. आणि बालवाडीमुळे तुमचे महिन्याला साडेसहा हजार खर्च व्हायचे राहिले, पण ते हातात आलेले पैसे नाहीत, खड्डा टळला एवढंच. आत्ता महिन्याचे सव्वादोन हजार उरतात आणि ऍबॅकसचे बाराशे, यातून बालवाडी निघते. बसच्या जागी रिक्षा जमली तर जे सुटतील, अधिक दिवाळीचा बोनस, ते तीन महिन्यांचा हप्ता आणि एका टर्मची फी एवढी रक्कम जमेपर्यंत एफडीत टाका. साधारण एक लाख. तेवढं झालं की मग एसआयपी वाढवायचं बोलू.

फॉर्म भरायची मुदत जवळ आली असेल तर एक करा, ते २५ हजार भरायच्या आधी ऍडमिशन रद्द केली तर किती परत मिळतात ते शाळेकडून लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल मॅडम" म्हणाले तर पैसे भरू नका.